पाय तर नीट आहेत की!
आज दादाला डॉक्टरांकडे नेलं, रक्ताच्या रिपोर्टमध्ये सीआरपी (शरीरात सूज असली की वाढणारं प्रोटीन) वाढलेला, आणि हा म्हणतो सूज कुठेय, पाय तर नीट आहेत की! डॉक्टर हसले, म्हणाले अहो पोटाच्या आतली चरबी नुसती बसून नसते, ती आयएल-6 सारखी सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडत राहते मग लिव्हर सीआरपी बनवतं, आणि ही आतल्या आत धुमसणारी सूज शुगर, हार्ट सगळ्याचाच धोका वाढवते. त्यात रोज फरसाण, वडापाव, कोल्ड्रिंक म्हणजे निखाऱ्यावर रॉकेल. आपल्याकडे पुरुषांची कंबर 90 सेंमीच्या वर गेली की धोका धरतात, दादाची 104!! ज्वारीची भाकरी, मेथी, मोडाची मटकी, जवसाची चटणी सगळं घरातलंच, पण त्याला ग्लॅमर नाही ना. वहिनीने पार्किंगमध्येच फरसाणवाल्याचा नंबर डिलीट केला, दादा अजून रुसलाय 😄