चार बेडूक चाकाखाली गेले तर काय बिघडलं?

पावसात आंबोली घाटातून रात्री जाताना गाडी हळू चालवा, असं मी म्हटलं की बरेच जण हेच विचारतात. बेडूक तर हजारोंनी दिसतात, मग चार मेले तर काय? तुम्ही मनापासून विचारलंत, म्हणून लिहिते.

बेडूक कोणत्या रात्री मरतात ते आधी बघा. पहिला जोराचा पाऊस झाला की ते पाण्याकडे निघतात. कित्येक जातींचं वर्षभराचं प्रजनन त्या थोड्याशा दिवसांत उरकतं. तेव्हा रस्त्यावर चिरडलेली मादी पोटातल्या अंड्यांसकट जाते. तुम्हाला दिसणारी गर्दीही त्याच काही रात्रींची असते, म्हणून तिच्यावरून पुढच्या वर्षीचा अंदाज बांधता येत नाही.

आंबोली टोडचंच घ्या. टोड म्हणजे भेक, बेडकाचाच एक प्रकार. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन केलं आणि पुढे अतिसंकटग्रस्त जातींत त्याची नोंद झाली. आंबोली आणि आसपासचा छोटासा टापू सोडला तर तो जगात कुठेच नाही. कातळावर साचलेल्या वीतभर पाण्यात तो अंडी घालतो. सावंतवाडी–बेळगाव रस्ता याच टापूतून जातो आणि धबधबे बघायला गाड्यांची रीघ लागते तीही नेमकी त्याच दिवसांत. गाडीचे दिवे अंगावर आले की भेक पळत नाही, जागच्या जागी थबकतो. तिथे हॉर्नचा काय उपयोग?

प्रदूषणाचं दुखणं याहून छुपं आहे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषून घेतो. श्वासही बराचसा कातडीतूनच घेतो. अंड्यांना कवच नसतं. त्यामुळे पाण्यात जे उतरतं ते त्याच्या शरीरात जातं, मग ते गाडीतून गळलेलं ऑइल असो की बागेतलं औषध. काही ग्लायफोसेट तणनाशकांत ते पानाला धरून राहावं म्हणून साबणासारखं रसायन मिसळतात. त्याने बेडूकमाशांच्या कल्ल्यांना इजा होते. नदीत विष निदान पातळ तरी होतं, कातळावरच्या डबक्यात ते जिरायला जागाच नसते.

२०२३च्या जागतिक पाहणीत उभयचरांच्या दर पाच जातींपैकी दोन धोक्यात असल्याचं दिसलं. एवढ्या मोठ्या संकटापुढे माझं मागणं फार लहान आहे, हे मला कळतं. तरीही ते मी सोडणार नाही. जून-जुलैच्या पावसाळी रात्री शक्यतो घाटातून जाऊ नका. जावंच लागलं तर अगदी हळू जा. फोटोसाठी गाडी कातळावर चढवू नका, कारण तिथलं डबकं म्हणजे कुणाची तरी त्या वर्षीची सगळी पिल्लं असू शकतात. आणि रस्त्याखालच्या मोऱ्या प्लास्टिकने तुंबलेल्या असतात, त्या पावसाआधी साफ व्हायला हव्यात. बेडकांना डांबरावर न येता पलीकडे जायची वाट तिथे आधीपासूनच बांधलेली आहे.