‘रन’ आणि आमचे इंग्रजीचे सर

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. त्यामुळे ‘रन’ हा शब्द आम्हाला पुस्तकाआधी क्रिकेटनेच शिकवला. आठवीत सरांनी त्याची वाक्यं फळ्यावर लिहिली, तर एकाही वाक्यात कुणी धावत नव्हतं. नदी ‘रन’ होते. सर्दीत नाक ‘रन’ होतं. लुगड्याचा कच्चा रंगही ‘रन’च होतो. बाई खानावळ ‘रन’ करते. अमेरिकेत पुढारी निवडणुकीला ‘रन’ करतो. विलायतेत मात्र तो आपल्यासारखाच उभा राहतो. ‘वी हॅव रन आउट ऑफ राइस’, म्हणजे तांदूळ संपला, असं लिहिल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, तांदळाक अंपायरान आउट दिल्यान काय?” सरही हसले.

एका शब्दाला इतके अर्थ कशाला, अशी तक्रार आम्ही केलीच. सरांनी खडू खाली ठेवला. “बोट लागली म्हणजे काय रे?”

तेव्हा मुंबईची आगबोट चालू होती. देवगड-मालवणकडच्या पोरांना हे काय विचारायचं? अर्धा वर्ग म्हणाला, बंदरात आली. उरलेले म्हणाले, ओकारी झाली. मग जी झुंबड उडाली! फणस लागले, उचकी लागली, ठेच लागली, शहाळं गोड लागलं, दार लागलं, निकाल लागला, तो माझा चुलता लागतो. घंटा झाली तरी पोरं थांबेनात. कुणीतरी ‘वाट लागली’ म्हणालं, तेव्हा सरांनी वर्ग सोडला.

त्यांचा नियम एकच होता: शब्द एकटा पाठ करायचा नाही, त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघायचं. गाइडवाल्यांना तो कधी पटला नाही. ऑक्सफर्डच्या १९८९ च्या २० खंडी कोशात सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढच्या सुधारणेत ‘रन’ने तिला मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! एका संपादकाला त्यासाठी नऊ महिने खपावं लागलं. एवढे अर्थ पाठ कोण करणार?

पुढे मला मुंबईत गोदीजवळच्या एका कचेरीत नोकरी लागली. एकदा तारेत आलं, ‘व्हेसल रन अग्राउंड’. जहाज जमिनीवर धावलं कसं, म्हणून शेजारचा पदवीधर कारकून डोकं खाजवत बसला. गाळात रुतलेल्या होड्या लहानपणापासून पाहिलेला मी तोवर उत्तराचा कागद टाइपरायटरला लावून मोकळाही झालो होतो.