आमची वाटचाल: निळी न झालेली नळी

आम्ही सेल्युलेज विकतो, म्हणजे काडातलं सेल्युलोज तोडून त्याची साखर करणारं एन्झाइम. सुरुवात दोघांची. विक्री आणि हिशेब माझ्याकडे, प्रयोगशाळा भागीदाराकडे. तिच्याकडे एक शेकर, सेकंडहँड सेंट्रिफ्यूज आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर. एन्झाइम बनवणारी बुरशी अर्थात ट्रायकोडर्मा रीसी.

पहिली वर्षं बरी गेली. मग एक मोठा स्पर्धक उतरला आणि त्याने सगळ्यांसमोर एकच आकडा नाचवला: एफपीयू, म्हणजे फिल्टर पेपर युनिट, एन्झाइमची ताकद मोजायचं एकक. आमच्यापेक्षा सरस. त्याच महिन्यात आमच्या मालावर लावलेल्या काडाच्या बॅचेस अडकू लागल्या. पहिले आठ तास साखर झपाट्याने चढायची, मग रेघ आडवी. स्पर्धकाच्या माणसांनी गिऱ्हाइकांच्या कानात घातलं की आम्ही मालात पाणी घालतो. चार गिऱ्हाइकं गेली. एकानेही नमुना तपासायला मागितला नाही, हे मला आजही लागतं.

एकच टिकला. त्याच्या प्लांटच्या मॅनेजरांनी फोन केला, "पुढची बॅच तुमच्याच मालावर लावतोय. पण कारण शोधून द्या." सोबत काडाच्या न धुतलेल्या लगद्याचे दोन डबे पाठवले.

भागीदाराने दोन नळ्या लावल्या, एकीत फिल्टर पेपर, दुसरीत तो लगदा. 50 अंश, पीएच 4.8. ठरावीक वेळाने नमुना काढायचा, सेंट्रिफ्यूज करायचा आणि वरच्या पाण्यात ब्रॅडफर्डचा रंग घालायचा. एन्झाइम हे प्रथिनच, आणि प्रथिन असेल तर तो निळा होतो, नाहीतर तपकिरी राहतो. सुरुवातीला दोन्हीकडे निळेपणा उतरला, म्हणजे एन्झाइम घन भागाला जाऊन बसलं. पुढे कागद विरघळत गेला तसा निळा रंग परत आला. लगद्याच्या नळीत 48 तासांनंतरही तपकिरीच. तळाशी गडद गाळ. "आपला माल पातळ नाही," ती म्हणाली, "तो इथे अडकलाय."

कारण लिग्निन, म्हणजे काडाला कडकपणा देणारा, साखर नसलेला भाग. आमच्या मुख्य एन्झाइमला 36 अमिनो आम्लांचा एक पंजा असतो. त्याच्या सपाट बाजूवरची वलयं सेल्युलोजच्या पाणी टाळणाऱ्या बाजूवर बसतात, मग एन्झाइमचा तोडणारा भाग, म्हणजे कात्री, सेल्युलोजची साखळी धरून पुढे सरकते आणि सेलोबायोज, म्हणजे ग्लुकोजच्या जोड्या, तोडत जाते. लिग्निनही पाणी टाळणारंच, त्यामुळे पंजा तिथेही बसतो. पण तिथे तोडायला काहीच नसतं. त्या गिऱ्हाइकांकडे एन्झाइम घालण्याआधी काडावर करायची पूर्वप्रक्रिया बदलली होती आणि लगद्यात लिग्निनचा उघडा पृष्ठभाग वाढला होता.

आणि एफपीयू मोजतात कशावर? 50 मिलिग्रॅमच्या, 1 बाय 6 सेंटिमीटरच्या कागदी पट्टीवर, 60 मिनिटं. त्या कागदात लिग्निन जवळपास नाहीच! ज्या आकड्याने आम्हाला बुडवलं, तो आमच्या अडचणीबद्दल काहीच सांगत नव्हता.

आम्ही पीएच साडेपाचच्या आसपास नेला, त्यामुळे लिग्निनवरचा ऋणभार वाढतो आणि एन्झाइम कमी चिकटतं. मिश्रणात थोडं पॉलिइथिलीन ग्लायकॉल टाकलं, ते लिग्निनवरच्या जागा आधीच अडवतं. सेलोबायोजचं ग्लुकोज करणारं एन्झाइम, बीटा-ग्लुकोसिडेज, वाढवलं, कारण साठलेलं सेलोबायोज कात्रीचाच गळा धरतं. मॅनेजरांची बॅच चालली. त्यानंतरची नऊ वर्षं माल जात राहिला आणि पैसे येत राहिले.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना सांगतो, कोणी विचारलेलं नसलं तरी. चिकटणं म्हणजे पचणं नव्हे. गिऱ्हाइकाचाच लगदा मागा, धुवू नका, आणि साखरेबरोबर पाण्यात उरलेलं प्रथिनही मोजा. लगदा 20 टक्के घन इतका दाट असेल तर पंजा नसलेलं सेल्युलेजही करून बघा. पाणीच कमी असल्यामुळे ते सेल्युलोजपासून लांब जात नाही, आणि काम झाल्यावर बरंचसं द्रवात मोकळं सापडतं. आम्ही हे फार उशिरा केलं.

मॅनेजर निवृत्त झाले, पण त्यांच्या प्लांटमधून लगद्याचे दोन डबे दर हंगामाला येतातच. गेल्या महिन्यात स्पर्धकाचं नवं माहितीपत्रक हाती आलं. त्यावर अजूनही एफपीयूच छापलाय, लिग्निनचा रकाना नाही.