आज भाच्याला गरगरलं

लातूरला ताईकडे आलोय. दाजींनी व्हीआर हेडसेट आणलाय, मेटा कंपनीचा क्वेस्ट. डोळ्यांवर बांधायचा, की भिंगांमागच्या पडद्यावर चहूबाजूंनी खोटं जग दिसतं. आठ वर्षांचा भाचा सकाळपासून त्यातच. "मामा, मी डोंगर चढतोय!" म्हणत त्यानं हात फेकला, तो थेट दिवाणाच्या कोपऱ्यावर. बोटाचं सालटं निघालं. हेडसेट काढला तर लेकराचा चेहरा घामानं डबडबलेला, रंग उतरलेला. "मळमळतंय," म्हणाला.

डोळे सांगतात आपण चढतोय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते आपण जागेवरच आहोत. त्यातून ही गरगर येते. 'होईल सवय' म्हणून रेटायचं नाही, लगेच थांबायचं. पूर्ण बरं वाटेपर्यंत गाडीसुद्धा चालवायची नाही.

दाजींना मी स्पष्टच सांगितलं, कंपनी स्वतःच 10 वर्षांखालच्या लेकरांना हे देऊ नका म्हणते. मोठ्यांनीही निदान 2 बाय 2 मीटर जागा मोकळी करावी, वरचा पंखा बघावा, अर्ध्या तासानं 10-15 मिनिटं थांबावं. फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

एवढं बोलतोय तोवर ताईनं हेडसेट खिडकीत ठेवला, भिंगं बाहेरच्या बाजूला. आपल्याकडचं उन्हाळ्याचं ऊन! त्या भिंगांतून ते एका ठिकाणी गोळा होतं आणि आतला पडदा कायमचा जळतो. धावत जाऊन उचलला, कपाटात ठेवला.

भाचा आता आजीजवळ लिंबू सरबत पीत बसलाय. बोटाला हळद लावलीय.