लाल दोऱ्यांची भिंत

आमच्या सॉफ्टवेअर विभागात अकरा टीम, माणसं शंभराच्या आसपास. प्रत्येक टीम आपापल्या जागी स्क्रम, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करायची पद्धत, नेटानं पाळायची: दोन आठवड्यांचा टप्पा म्हणजे स्प्रिंट, रोजची छोटी बैठक म्हणजे स्टँडअप, सगळं काही. तरी एखादी साधी सुविधा ग्राहकाच्या हातात पडायला चार-पाच महिने जायचे. मग वरून हुकूम आला, 'सेफ' (SAFe) राबवायचं, म्हणजे अनेक टीमना एकत्र चालवायची पद्धत. 50 ते 125 माणसांची एक 'रिलीज ट्रेन', आणि दर 8 ते 12 आठवड्यांनी सगळ्यांनी एकत्र बसून दोन दिवस नियोजन. ही ट्रेन चालवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्या नियोजनाला भिंतभर कागद लावला. आडव्या ओळींत टीम, उभ्या रकान्यांत स्प्रिंट. एकाचं काम दुसऱ्यावर अडत असेल तर दोन चिठ्ठ्यांमध्ये लाल दोरा. दुसऱ्या दिवशी दुपारी चिठ्ठ्या दिसेनाशा झाल्या, नुसते दोरेच. शेवटी योजनेवर किती भरवसा आहे ते एक ते पाच बोटांनी सांगायचं असतं. साहेब समोरच बसलेले, तेव्हा चार-चार बोटं भराभर वर झाली. एका टेस्टरनं मात्र दोनच दाखवली. "आमच्याकडे नऊ दोरे येतात आणि आम्ही तिघं आहोत," ती म्हणाली. मी ते जोखमींच्या यादीत लिहून टाकलं आणि पुढे गेलो. ही माझी चूक. त्या तिमाहीत ठरलेलं निम्मंही झालं नाही.

मग मी एकच सुविधा धरली आणि तिच्या सगळ्या तिकिटांच्या, म्हणजे कामाच्या नोंदींच्या, तारखा मांडल्या. प्रत्यक्ष काम नऊ दिवसांचं, बाकीचे तीन महिने ती कुणाच्या ना कुणाच्या रांगेत उभी होती. रांगांचा अभ्यास करणाऱ्या जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेलं सूत्र हेच सांगतं: उरकायचा वेग तोच असेल, तर हातातलं काम जितकं जास्त, तितकी प्रत्येक कामाची वाट लांब. म्हणून एका वेळी किती कामं उघडायची यावर मर्यादा घातली. त्यावरून मॅनेजर मंडळींशी जे वाजलं, ते विचारू नका. "माझी माणसं रिकामी बसणार का?" हा एकच प्रश्न, महिनाभर.

मर्यादेनं रांगा आखडल्या, दोरे मात्र तसेच. कारण टीमच तशा पाडलेल्या: स्क्रीनवाले वेगळे, सर्व्हिसवाले वेगळे, डेटाबेसवाले वेगळे. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी 1968 मध्येच लिहिलं होतं की संस्थेतला संवाद जसा, तशीच तिची प्रणाली घडते. आम्ही चार टीम मोडल्या आणि पूर्ण सुविधा एकहाती करतील अशा चार नव्या बांधल्या. डेटाबेसचे सर्वांत अनुभवी सहकारी माझ्याशी तीन आठवडे बोलले नाहीत. त्यांचं चुकत होतं असंही नाही. पहिल्याच महिन्यात दोन टीमनी डेटाबेसमधलं एकच टेबल दोन तऱ्हांनी बदललं. तेव्हापासून स्कीमातला, म्हणजे डेटाबेसच्या रचनेतला, प्रत्येक बदल आधी त्यांच्या नजरेखालून जातो.

परवाच्या नियोजनात दोरे मोजले, चौदा भरले. पहिल्या वेळी साठावर मोजणं सोडून दिलं होतं. पण किती टक्के काम झालं याचा तक्ता वरच्यांना दर शुक्रवारी अजूनही हवा असतो. तो मीच भरतो, अंदाजानं.