टेबल २ च्या पायी गेलेले १९ दिवस

पेपर लिहायला सात महिने लागले, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. प्रयोग, आकडेमोड, सरांनी चार वेळा फिरवलेली प्रस्तावना, सगळं रीतसर पार पडलं. पण सबमिट केल्यावर पेपर एडिटरपर्यंत पोचायच्या आधीच जर्नलच्या ऑफिसातून दोनदा परत आला. आतलं विज्ञान कुणी वाचलंसुद्धा नव्हतं. अडलं होतं ते रेफरन्सवर, म्हणजे आधार म्हणून दिलेल्या जुन्या अभ्यासांच्या नोंदींवर.

पहिला मेल दोन ओळींचा. रेफरन्स मजकुरात आलेल्या क्रमाने नाहीत, दुरुस्त करून पुन्हा पाठवा. कुठला रेफरन्स, कुठलं पान, काही नाही.

जर्नलला व्हँकूवर स्टाइल हवी होती, म्हणजे मजकुरात नुसता आकडा आणि शेवटी त्याच क्रमाने यादी. आकडे झोटेरोने, म्हणजे रेफरन्स सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने घातलेले, माझ्या हाताने नव्हे. तरी पेपर प्रिंट काढला आणि पेन्सिल घेऊन प्रत्येक आकड्यावर टिक करत गेले. १ ते ३६, एकही इकडचा तिकडे नाही. सरांना दाखवलं. ते म्हणाले, "अगं, बरोबर तर आहे. त्यांनीच नीट बघितलं नसेल. पाठव तसाच." मी पाठवणारच होते. पण यादी ४१ ची होती, आणि मी टिक केल्या होत्या ३६. उरलेले पाच कुठे गेले?

ते पाच टेबल २ मध्ये होते. त्या टेबलात आमच्या निकालांची आठ जुन्या अभ्यासांशी तुलना आहे. त्यातले तीन अभ्यास मजकुरातही येऊन गेलेले, पाच फक्त टेबलात. जर्नलच्या सूचनांप्रमाणे सगळी टेबलं फाइलच्या शेवटी, वेगवेगळ्या पानांवर ठेवलेली. झोटेरो बिचारं फाइल वरून खाली वाचतं, त्यामुळे त्या पाचांना त्याने ३७ ते ४१ दिले. नियम मात्र वेगळा आहे, आणि तो या एका जर्नलचा नाही, वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा आहे: जो रेफरन्स फक्त टेबलात किंवा आकृतीखालच्या ओळींत येतो, त्याचा नंबर त्या टेबलाचा मजकुरात पहिला उल्लेख जिथे होतो तिथून लागतो. आमचं 'टेबल २ पाहा' रेफरन्स १३ च्या लगेच पुढे होतं. म्हणजे ते पाच १४ ते १८ व्हायला हवेत आणि मजकुरातले जुने १४ ते ३६ सरकून १९ ते ४१. ही एक ओळ त्या मेलमध्ये लिहिली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?

गंमत अशी की ही स्टाइल लेखकांची हमाली वाचावी म्हणूनच जन्माला आली. १९७८ साली काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक व्हँकूवरमध्ये जमले, ते प्रत्येक जर्नलसाठी पेपर नव्याने टाइप करायची वेळ येऊ नये यासाठी.

कारण सापडल्याच्या आनंदात मी सगळ्यात मोठी चूक केली. आकडे हाताने बदलले. मजकुरात जाऊन १४ खोडून १९, १५ खोडून २०, असं शेवटपर्यंत. पुढच्या रिफ्रेशला झोटेरोने विचारलं की हे सायटेशन (मजकुरातला रेफरन्सचा आकडा) तुम्ही बदललेलं दिसतंय, तुमचा बदल ठेवू का? मी हो म्हटलं. काही ठिकाणी कंटाळून नाही म्हटलं. जिथे हो, तिथला आकडा गोठला. जिथे नाही, तिथे जुना परत आला. आणि यादी तर झोटेरो स्वतःच्या क्रमानेच लावणार, तिला माझ्या खाडाखोडीचं काय? मला ते दिसलं नाही, रात्रीचे दोन वाजले होते. पेपर गेला आणि सहाव्या दिवशी परत आला: मजकुरातले आकडे आणि यादी जुळत नाहीत. या वेळी त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं, म्हणून जास्त राग आला.

सुटका केली शेजारच्या लॅबमधल्या मैत्रिणीने, एका वाक्यात. "टेबल उचलून वर का आणत नाहीस?"

हात लावायच्या आधीची कॉपी होती म्हणून वाचले. ती उघडली, टेबल २ कापून त्याच्या पहिल्या उल्लेखाच्या लगेच खाली आणून चिकटवलं आणि रिफ्रेश दाबलं. पाचही जण १४ ते १८ वर येऊन बसले, मागची रांग आपोआप सरकली. एक बारीक गोष्ट: उल्लेख परिच्छेदाच्या मध्येच असेल आणि त्याच परिच्छेदात पुढे आणखी सायटेशन असतील, तर परिच्छेद तिथेच तात्पुरता तोडून टेबल मध्ये घाला. नाहीतर ती पुढची सायटेशन नंबर आधी पटकावतात. मग फाइलची नवीन कॉपी केली, त्या कॉपीत 'अनलिंक सायटेशन्स' केलं, म्हणजे आकडे साधा मजकूर झाले, आणि टेबल पुन्हा शेवटी नेऊन ठेवलं. अनलिंक फक्त कॉपीत करा. मूळ फाइलमध्ये केलंत तर परतीची वाट नाही. आणि टेबल वेगळ्या फाइलमध्ये मागत असतील तरी ते याच पद्धतीने शेवटी वेगळं काढा, कारण नव्या फाइलमध्ये झोटेरो पुन्हा १ पासून मोजायला लागतं.

बाकीचं फार त्रासाचं नव्हतं, पण आठवतंय तसं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल आमच्या यादीत 'ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच' या नावाने छापून आला होता, जणू कुणी डब्ल्यूएच ऑर्गनायझेशन नावाचे गृहस्थ आहेत. झोटेरोत लेखकाच्या नावाशेजारी छोटं बटण असतं, त्याने आडनाव आणि नाव हे दोन रकाने एक होतात. संस्थांसाठी ते दाबायचंच. शीर्षकं एका फटक्यात लहान अक्षरांत करायला गेले तर एश्चेरिशिया या जिवाणूच्या नावाचा पहिला कॅपिटल ई पण गेला, म्हणून ती शेवटी एकेक डोळ्यांनी बघितली. जर्नलांची नावं संक्षिप्त करताना एकशब्दी नाव तसंच ठेवायचं, 'नेचर'चं काही होत नाही. आणि हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: प्रत्येक डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, ब्राउझरमध्ये उघडून बघा. आमचे दोन भलत्याच पेपरवर जात होते. दोन्ही मी दुसऱ्यांच्या यादीतून आयते उचललेले.

तिसऱ्यांदा पेपर आत गेला. रिव्ह्यूअरने आणखी दोन अभ्यास टेबल २ मध्येच घालायला सांगितले, तेव्हा पोटात गोळा आला. पण मूळ फाइल जिवंत होती. चार मिनिटांचं काम.

परवा प्रूफ आलं. त्यात एकच शंका: रेफरन्स १७ चे पान क्रमांक द्या. त्या जर्नलला पानं नसतातच, लेखाला नुसता क्रमांक असतो. तसं लिहून पाठवलंय.