दुखतो उजवा गुडघा, सुया डाव्या पायात

"मॅडम, ऑपरेशन उजव्याचं झालं," मी ॲक्युपंक्चरच्या बाईंना आठवण करून दिली. "हो, माहीत आहे मला," त्या म्हणाल्या आणि डाव्या पायात सुई टोचली.

उजव्या गुडघ्याचा सांधा नागपूरला बदलला. दवाखान्यात फारसं जाणवलं नाही, खरं दुखणं आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी आल्यावर सुरू झालं. रात्री दोनला जाग यायची ती यायचीच. ट्रामाडॉल ही दुखण्याची गोळी घेतली की मळमळ, घेरी, पोट साफ नाही. नाही घेतली तर व्यायाम होत नसे, आणि या ऑपरेशनात पहिल्या काही आठवड्यांत पाय वाकवला नाही तर गुडघा आखडून बसतो. धाकटी जाऊ टाच धरून पाय मागे न्यायची. "बाई, थोडकंच राह्यलं जी," म्हणायची आणि तिच्याच डोळ्यांत पाणी यायचं. सत्तर अंशांपुढे पाय जाईना.

ॲक्युपंक्चरचं, म्हणजे अंगावर ठरावीक जागी सुया टोचायच्या चिनी उपचाराचं, नाव भाच्याने काढलं. मी आधी सर्जनना फोन केला. त्यांनी हरकत घेतली नाही, पण बजावलं: रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे तिथे सांगा, ऑपरेशनच्या गुडघ्यात आणि टाक्यांजवळ एकही सुई नको, बसवलेल्या सांध्याला जंतुसंसर्ग झाला तर सगळंच उसवावं लागू शकतं, आणि फिजिओथेरपी सोडायची नाही.

पहिल्यांदा जवळच्या गावात एकाकडे गेले. त्याने स्पिरिटच्या वाटीतल्या सुया उचलल्या. मी काठी घेतली आणि उठले. रिक्षाचे पैसे वाया गेले, पण त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

वर्ध्याच्या बाईंकडे राज्याच्या ॲक्युपंक्चर परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर होतं. सुयांचं सीलबंद पाकीट त्यांनी माझ्यासमोर फोडलं. सुई केसासारखी बारीक, इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. टोचताना मुंगी चावल्याएवढंच लागलं. मग त्यांनी सुई जराशी फिरवली आणि आत जडपणा पसरला, पाय ओल्या गोणपाटाखाली दाबून ठेवल्यासारखा. तोच हवा असतो, चिनी लोक त्याला 'दे-ची' म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात एक, घोट्याजवळ दोन, आणि उजव्याला हात लावायचा नाही म्हणून डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर एक. काही सुयांना क्लिपा लावून हलका करंट दिला. वीस-पंचवीस मिनिटं पडून राहायचं.

मी शाळामास्तरीण, प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. सुईने मज्जातंतू चेतवले की शरीर स्वतःची वेदनाशामक रसायनं, एंडॉर्फिन, सोडतं, असं त्या म्हणाल्या. 1938 साली चीनला गेलेल्या भारतीय डॉक्टरांच्या पथकातले सोलापूरचे डॉ. कोटणीस मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवले. त्याच पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते, आणि पुढे ॲक्युपंक्चर भारतात आणणारे डॉ. बी. के. बसूही, हे मला तिथल्या बाकावर कळलं. कळायला हवं होतं आधीच.

पहिल्या दोन बैठकांनी काही झालं नाही. उलट हातावर निळा डाग उमटला, आणि एसटीचा दीड तास जाऊन दीड तास येऊन पाय सुजला. तिसऱ्या बैठकीच्या रात्री मात्र सलग चार तास झोपले. सकाळी उठून जावेलाच हाक मारली, म्हटलं, आता लाव पाय वाकवायला.

दुखणं गेलं नाही, पण बोथट झालं. बैठकीनंतरचा एक दिवस, कधी दोन, हलके जायचे. त्या दिवसांत व्यायाम भरपूर करून घ्यायचा, हे आम्ही दोघींनी ठरवून टाकलं. आठवड्याला दोन अशा दहा बैठका झाल्या. सर्जनना विचारून ट्रामाडॉल आधी रात्रीपुरती ठेवली, मग बंद केली. साध्या पॅरासिटामोलवर भागू लागलं. शेवटच्या तपासणीला पाय एकशे पाच अंशांपर्यंत वाकला. त्यातलं सुयांचं किती आणि जावेच्या हातांचं किती, ते मला वेगळं काढता येत नाही.

वाटीखालच्या त्या जागेचं चिनी नाव झुसानली. म्हणजे पायाचे तीन ली, जवळपास दीड किलोमीटर. आमचं वावरही गावापासून तेवढंच. सध्या मी नाल्यावरच्या कडुनिंबापर्यंत जाते, थोडं बसते आणि परत येते. पुढचा रस्ता ढेकळांचा आहे, तो उन्हाळवाही झाल्यावर बघू, असं हे म्हणतात.